जुने औषध, नवा विषाणू : पारख कशी होते?

एका रोगासाठीचे औषध दुसऱ्या रोगावर गुणकारी आहे का, हे यादृच्छिक चाचणीने ठरते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे गट पाडतात. नेहमीचे उपचार सर्वांना मिळतात, तपासायचे औषध मात्र एकाच गटाला. मग मृत्यूंची तुलना होते.

कोविड साथीत जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ३० देशांत घेतलेली 'सॉलिडॅरिटी' ही अशीच चाचणी. भारतातील समन्वय पुण्याच्या तत्कालीन राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतून डॉ. शीला गोडबोले यांनी केला. इबोलावर अजमावलेले रेमडेसिविर, हिवतापावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, एचआयव्हीवरील लोपिनाविर आणि इंटरफेरॉन ही औषधे तपासली गेली. रेमडेसिविर दिलेल्या २,७४३ रुग्णांपैकी ३०१, तर न दिलेल्या २,७०८ पैकी ३०३ दगावले. इतर तिघांनीही मृत्यू रोखले नाहीत. २०२२ च्या अंतिम विश्लेषणात रेमडेसिविरचा किंचित लाभ दिसला, तोही व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णांनाच.

पहिले निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर होऊनही एप्रिल २०२१ मध्ये राज्यात रेमडेसिविरसाठी नातेवाइकांच्या रांगा लागल्या, काळाबाजारही झाला. डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात, हे मात्र ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने जून २०२० मध्येच दाखविले होते.