उचल : एका कर्जाचा इतिहास

#थ्रेड

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे गाव मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील जंक्शन म्हणून सर्वपरिचित आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. त्यामुळे येथील शेतमजुराच्या मुक्ततेची कायदेशीर कहाणी मुंबई-पुण्याच्या कहाणीहून वेगळ्या वाटेने आलेली आहे.

आधी ब्रिटिश मुलखाकडे पाहू. १८४३ च्या कायद्याने तेथील न्यायालयांनी गुलामावरील मालकी हक्क मानणे थांबवले. पुढे भारतीय दंड संहितेने गुलामांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. मात्र त्याच सरकारने १८५९ मध्ये आणखी एक कायदा केला. आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येई. पैसे परत कर किंवा काम पुरे कर, असा हुकूम होई आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. माणूस विकता येत नव्हता, परंतु त्याने घेतलेली उचल त्याला तुरुंगात धाडू शकत होती. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडले.

निजामाच्या राज्यात कर्जापोटी राबणाऱ्या मजुराला ‘भगेला’ म्हणत. लग्नासाठी वा दुष्काळात घेतलेली रक्कम फिटेपर्यंत सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या शेतावर राबायचे, असा हा व्यवहार. रक्कम फिटत नसे, कारण हिशेब लिहिणारा हात सावकाराचा असे. या करारांना आवर घालण्यासाठी संस्थानाने १९४३ मध्ये भगेला करारांविषयीचा विनियम काढला. ही प्रथा मुख्यतः तेलंगणातील होती. मराठवाड्यात ‘सालगडी’ हे नाव रूढ होते आणि आजही आहे. गुढीपाडव्याला साल ठरते, पुढच्या पाडव्याला संपते. प्रत्येक सालगडी वेठबिगार असतो असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. खरी कसोटी पाडव्याच्या दिवशी लागते: अंगावर ‘बाकी’ असताना त्याला दुसऱ्या मालकाकडे जाता येते की नाही?

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारी निषिद्ध ठरवली. तिला प्रत्यक्ष दंडाचे बळ मात्र आणीबाणीत, वीस कलमी कार्यक्रमाच्या ओघात मिळाले. ऑक्टोबर १९७५ मध्ये अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायदा झाला. त्याच्या व्याख्येत देशभरातील सुमारे तीस प्रथांची नावे आहेत आणि त्यांत ‘भगेला’ही आहे. ‘सालगडी’ किंवा ‘उचल’ हे शब्द तेथे सापडत नाहीत. तसे ते असण्याची गरजही नव्हती, कारण कायदा नावापाशी थांबत नाही. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाने नाममात्र मजुरीवर राबावे, दुसरे काम धरण्याचा किंवा हिंडण्या-फिरण्याचा हक्क गमवावा, एवढे पुरेसे आहे. असे कर्ज कायद्याने संपुष्टात येते आणि ते वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर पडते. कागदावरचा हा कायदा खरोखर धारदार आहे.

पण तोवर कर्जाने रूप पालटले होते. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढले, १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा पोळला आणि बीड, परभणी, जालना भागांतून ऊसतोडीचे स्थलांतर फोफावले. हंगामाआधी, दसऱ्याच्या सुमारास, मुकादम उचल वाटतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हिशेबाचे एककच जोडपे असल्यामुळे बाईची मजुरी वेगळी लिहिली जात नाही. टनावर दर, एक दिवस आजारी पडल्यास ‘खाडा’ म्हणून दंड. हंगाम संपून उचल फिटली नाही, तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते.

या व्यवहाराची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पैसा कारखान्याकडून वाहतूक ठेकेदाराकडे, तेथून मुकादमाकडे आणि शेवटी कोयत्याकडे येतो. प्रत्येक पायरीवर जबाबदारी एकेक माणूस खाली सरकते. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत. वीटभट्ट्यांवरही उचलीचीच पद्धत चालते.

त्याची किंमत शरीराने मोजली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. शासनाने समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे कारण अनेकींनी सांगितले. चार वाजता उठून मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या बाईला ‘तू स्वखुशीने आलीस’ असे सांगणे सोपे आहे.

या स्वखुशीचा विचार सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच केला होता. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, १९८२ मध्ये, न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे हीदेखील सक्तीची मजुरी आहे, कारण भूकही सक्ती करते. त्याच सुमारास विवेक व विद्युल्लता पंडित वसई परिसरात आदिवासी वेठबिगारांना सोडवीत होते. १९९९ मध्ये त्यांना लंडनच्या ‘अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल’चा पुरस्कार मिळाला.

ब्रिटनने २०१५ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला. तेथे व्यवसाय करणाऱ्या आणि ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपनीला, आपल्या पुरवठा साखळीत गुलामगिरी नाही ना यासाठी काय केले, ते दरवर्षी जाहीर करावे लागते. छोटा उद्योग या अटीतून सुटतो, पण मोठ्या खरेदीदाराचे प्रश्न त्याच्या दारी येतातच. गूळ वा साखर विकत घेणाऱ्या छोट्या कारखानदाराने ‘आमच्याकडे वेठबिगारी नाही’ असे लिहून देणे हे १८४३ चेच उत्तर झाले. त्याने विचारायचे ते वेगळेच: तोडणीला उचल किती दिली? बाईची मजुरी तिच्या खात्यावर जमा होते का? खाड्याचा दंड कोण ठरवतो? बाकी असतानाही कोयता घरी परतू शकतो का? उचलीची वही बहुतेक ठिकाणी मुकादमाच्या थैलीत असते. तिची एक प्रत मजुराच्या हाती द्यायला फारसा खर्च येत नाही.