नगरची मिशन उद्योगशाळा आणि तिचा प्रचार

अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आले. 1899-1900 च्या दुष्काळात अनाथ झालेली अनेक मुले मिशनच्या आश्रयाला आली आणि त्यांना पोटापाण्याचा धंदा शिकवणे निकडीचे झाले. मिशनच्या, सर दिनशा पेटिट यांच्या नावाच्या उद्योगशाळेत सुतारकामासारखे कसब शिकवले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल हे इंजिनिअर मिशनरी आले आणि त्यांनी हातमाग सुधारला. जुन्या मागावर विणकर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलतो, त्यामुळे कापडाचा पन्हा हाताच्या पोचेइतकाच राहतो. धावता धोटा मात्र दोरीच्या झटक्यासरशी पलीकडे जातो, म्हणून विणकाम वेगाने होते. चर्चिल यांचा भर याच वेगावर होता.

या कामाला पैसा अमेरिकेतून येई. देणगीदारांपर्यंत त्याची माहिती पोचवायचे साधन म्हणजे बोस्टनचे ‘मिशनरी हेरल्ड’ मासिक. प्रचाराचे काम त्यातल्या छापील मजकुराने केले. हा मजकूर देणगीसाठी लिहिलेला होता, म्हणून तो सावधपणे वाचावा लागतो. नगर-भिंगारच्या साळी, कोष्टी, पद्मशाली घरांत विणकामाचे कसब आधीपासून पिढ्यान्‌पिढ्या चालत होते. त्या विणकरांची बाजू अशा प्रचारातून कळत नाही.