काडेपेटीवरची नायिका

शेंदूरजनाघाटच्या एका जुन्या किराणा दुकानाच्या माळ्यावर मला काडेपेटीचा छाप मिळाला. झोपाळ्यावर बसलेली साडीतली स्त्री, खाली ‘मेड इन स्वीडन’. दुकानदाराचे वडील म्हणाले, “हे तं बालगंधर्व होय नं भाऊ!” मी ते मानले, छापाच्या मागे तसे लिहिले आणि एका स्मरणिकेत छापूनही टाकले.

ते चूक होते. चित्र रविवर्म्याच्या ‘मोहिनी’ची नक्कल निघाली. रविवर्मा १९०६ साली वारले. नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले १९०५ साली, तेही सतरा वर्षांचे. ‘मोहिनी’ त्याच्या कितीतरी आधीची.

नटनटींना तंबाखूच्या धंद्यात ओढले ते अमेरिकेने. सिगारेटचे पाकीट तेव्हा नुसत्या कागदाचे असे. सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. १८८० नंतर व्हर्जिनियातल्या ॲलन अँड गिंटरसारख्या कंपन्यांनी त्यावर नाटकातल्या नट्या छापल्या, आणि गिऱ्हाईक संच पुरा करण्यासाठी ओढू लागले. आपल्या तेंदूपानाच्या विडीच्या कट्ट्याला पुठ्ठा लागतच नाही. इथे ती जागा काडेपेटीने घेतली. स्वीडन, ऑस्ट्रिया, जपान इथून पेट्या यायच्या आणि त्यांवर आपले देव, आपल्या बायका.

कलकत्त्याच्या गौहरजानचे चित्र ऑस्ट्रियात बनलेल्या काडेपेट्यांवर होते. १९०२ साली तिचे गाणे प्रथम मुद्रित झाले. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगे, कारण तबकड्या जर्मनीत घडत आणि तिथल्या कारागिराला आवाज कुणाचा हे कळायला हवे. आवाजावर तिने अशी आपली मोहोर उमटवली. चेहरा मात्र कुणाच्याही खिशात. गाणाऱ्या बाईचे चित्र पानठेल्यावर चाले, देवघराशेजारी नाही. बालगंधर्वांचा लुगड्यातला फोटो मात्र घराघरांत भिंतीवर लागला, सुनांनी त्यांच्यासारखा अंबाडा घातला. पुरुष असल्याचा हा फायदा आपल्या नाट्येतिहासात फारसा कुणी मोजत नाही.

म्हातारबाबा तरी पुरते चुकले असे मला वाटत नाही. कापसाच्या पैशामुळे नाटक मंडळ्या वऱ्हाडात हौसेने येत. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी सुंदर बाई कशी दिसते हे लोकांच्या डोळ्यांत आधीच बसवले होते, आणि रंगमंचावर तशीच बाई उभी राहिली ती बालगंधर्वांच्या रूपाने. मग पेटीवरची मोहिनी गंधर्व झाली.

दुरुस्ती मी पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेला पाठवली. छापाच्या मागचे माझे अक्षर खोडायला गेलो, तर बाबांनी हात धरला. ते अजून तसेच आहे.