सूर्यकिरणोपचार आणि त्वचेचा कर्करोग

सूर्यप्रकाश रोगहारक आहे, ही कल्पना फार प्राचीन होय. श्वित्रावर औषध घेऊन रोग्याने यथाशक्ति ऊन घ्यावे, असे चरकसंहितेत सांगितले आहे. बावचीचा उपयोगही भारतीय वैद्यकास पूर्वापार ज्ञात आहे. तथापि ‘कुष्ठ’ या एकाच संज्ञेखाली अनेक त्वग्रोग गोवले गेल्यामुळे, आज ज्यास सोरायसिस म्हणतात त्या रोगास यांपैकी कोणता विधी लागू होता, हे ठरविणे कठीण आहे. युरोपातही असाच घोटाळा होता. सोरायसिस हा महारोगाहून सर्वस्वी भिन्न आहे, हे व्हिएन्नाच्या हेब्राने १८४१ मध्ये स्पष्ट केले.

प्रकाशचिकित्सेस शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली ती नील्स फिन्सेन याने. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल त्यास १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२५ मध्ये अमेरिकेत गेकरमन याने कोळशाचे डांबर आणि अतिनील किरण यांची जोड सोरायसिसवर योजिली. पुढे १९४० नंतरच्या दशकात ईजिप्तमधील एल् मोफ्ती यांनी नाईलकाठच्या एका वनस्पतीतील द्रव्य कोडावर वापरले. हे द्रव्य ‘सोरालेन’ वर्गातील होय. आणि हे वर्गनाम बावचीच्या ‘सोरालिया’ या जुन्या शास्त्रीय नावावरून आलेले आहे. १९७४ मध्ये पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबाम व पाठक यांनी हेच द्रव्य पोटात देऊन दीर्घलहरी अतिनील किरणांचा मारा करण्याची पद्धती सोरायसिससाठी प्रसिद्ध केली. तीच ‘पूवा’ होय.

परंतु गुण आणि दोष यांचे मूळ येथे एकच होते. किरण पडताच सोरालेन पेशीतील डीएनएच्या दोन धाग्यांना जखडून टाकते. त्यामुळे पेशींची बेसुमार वाढ थांबते; पण त्याच आघाताने जनुकीय विकृतीही उद्भवू शकते. अमेरिकेतील तेराशेहून अधिक रोग्यांच्या पाहणीवरून स्टर्न व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्येच कर्करोगाच्या वाढत्या प्रमाणाकडे लक्ष वेधले. उपचारांची संख्या वाढेल तसा, विशेषतः शल्कपेशींच्या कर्करोगाचा, धोका वाढतो, हे पुढे सिद्ध झाले. १९९७ मध्ये याच रोग्यांत, प्रथम उपचारानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, मेलानोमाचेही प्रमाण वाढलेले आढळले. स्वीडनमधील पाहणीत मात्र मेलानोमाची अशी वाढ दिसली नाही. शिवाय हे निष्कर्ष मुख्यतः गौरवर्णीयांवरील असल्याने ते सर्व वर्णांस जसेच्या तसे लागू करणे युक्त नव्हे.

यानंतर चिकित्सकांचा कल ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातील किरणांकडे वळला. त्यांत सोरालेनची गरज नसते, आणि आजवरच्या पाहण्यांत कर्करोगाची ठळक वाढ दिसून आलेली नाही.

या इतिहासाचा बोध इतकाच, की सोरायसिस आयुष्यभर सोबत करणारा रोग असल्याने त्यावरील उपायाचा हिशेबही आयुष्यभराचाच मांडावयास हवा. त्वचा काही आठवड्यांत निर्मळ होते; तिने सोसलेल्या किरणांची बेरीज मात्र पुसली जात नाही. ऊन असो वा दिवा, मात्रेची नोंद ठेवणे हा उपचाराचाच एक भाग होय.