बुधी : बुधवारचं नाव आणि कागदावरची खाडाखोड

मंडळी, आपल्या शहापूर-मुरबाडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांमधल्या मतदार याद्या चाळल्यात कधी? सोमी, मंगळी, बुधी, शुक्री ही नावं तिथे हमखास भेटतात. शहरातला माणूस हसतो. हसण्याआधी जरा इतिहास बघू.

हिशेब साधा. सोमवारी जन्मली ती सोमी, बुधवारी जन्मली ती बुधी. मुलगा असला तर सोम्या, बुध्या. घरात पंचांग नव्हतं, जन्मदाखला तर नव्हताच. पण आठवडी बाजारामुळे वार पक्का ठाऊक. तो वार नावातच बांधून ठेवला. नाव हाच दाखला!

शब्द तरी कुठे हलका आहे? ‘बुध’ म्हणजे जाणता. ग्रहाचं नाव तेच, वाराचं तेच. पुण्यात पेठेला बुधवार म्हटलेलं चालतं, मग वाडीवरच्या बाईला बुधी म्हटलं तर गावंढळ कसं?

आणि ही रीत एकट्या आपल्याकडची नाही. आफ्रिकेत घानामधल्या अकान लोकांत बुधवारी जन्मलेली मुलगी ‘अकुआ’. झारखंडकडे हीच आपली बुधी ‘बुधनी’ होते. ६ डिसेंबर १९५९ ला दामोदर नदीवरच्या पंचेत धरणाचं उद्घाटन पंतप्रधान नेहरूंनी तिथे राबणाऱ्या एका संथाळ मुलीच्या हातून केलं. तिचं नाव बुधनी मेझान. भातसा-तानसाच्या तालुक्याला हे नाव परकं वाटू नये.

आता खरा मुद्दा. शाळेत नाव घालताना, फॉर्म भरताना कुणीतरी ‘सुधारतो’. बुधीची कुठे बुद्धी होते, कुठे बुधाबाई. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं. मग जातीच्या दाखल्याला खेटे सुरू. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. तिथे नाव जुळलं नाही तर त्रास बाईलाच.

त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव घालायचं ठरवलंय. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. निर्णय चांगलाच आहे. पण आईच्या नावातली चूक आता लेकराच्या दाखल्यापर्यंत जाणार.

म्हणून ग्रामसेवक, गुरुजी, अंगणवाडी ताई, सेतूवाले भाऊ, सगळ्यांना हात जोडून विनंती. बाई सांगते तेच नाव लिहा, लिहिलेलं तिला वाचून दाखवा, आणि मगच पुढचा रकाना भरा. मुलीचं नाव काय ठेवायचं ते आईबाप ठरवतील. आर्या ठेवोत, नाहीतर बुधी. पण आहे ते नाव बदलायचा हक्क फॉर्म भरणाऱ्याला कुणी दिलेला नाही.

तुमच्या घरात, वाडीत वारावरून ठेवलेली कोणती नावं आहेत? खाली जरूर लिहा.