कास्तेलोरिझो

ग्रीसच्या दोदेकानीज द्वीपसमूहातील अगदी पूर्वेकडचे बेट. अधिकृत नाव मेगिस्ती. क्षेत्रफळ सुमारे ९ चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे ५००. ऱ्होड्सपासून ते सुमारे १२५ किमी. दूर आहे, तर तुर्कस्तानातील काश हे गाव दोन-अडीच किमी.वर. बेटाची भरभराट झाली ती या समोरच्या किनाऱ्यामुळे आणि वाताहतही त्याच्याशी संबंध तुटल्यामुळेच.

बेट चुनखडीचे, खडकाळ. झरे नसल्याने पावसाचे पाणी टाक्यांत साठवावे लागे. बेटकऱ्यांच्या शेतजमिनी पैलतीरावर होत्या. अनातोलियातील लाकूड व कोळसा ते आपल्या शिडाच्या जहाजांतून इजिप्तला नेत. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे ९,००० च्या आसपास लोक राहत.

आगबोटींमुळे हा धंदा खालावला. १९१३ मध्ये बेटकऱ्यांनी ऑटोमन सत्ता झुगारली; १९१५ मध्ये फ्रेंच व १९२१ मध्ये इटालियन आले. ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीनंतर समोरच्या किनाऱ्यावरील ग्रीक वस्ती संपली आणि बेटाचा आधारच गेला. कुटुंबेच्या कुटुंबे ऑस्ट्रेलियात पर्थ, सिडनीकडे निघून गेली. उरलेल्यांना दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी सायप्रस व गाझाकडे हलवले. मागे १९४४ मध्ये आग लागून गावाचा मोठा भाग जळाला. परतणाऱ्यांच्या नशिबीही सुख नव्हते: १९४५ मध्ये ‘एम्पायर पॅट्रोल’ या जहाजाला वाटेत आग लागून त्यांच्यापैकी ३३ जण दगावले. १९४८ मध्ये बेट रीतसर ग्रीसमध्ये आले, तेव्हा गाव जवळपास ओस पडले होते.

गाब्रिएले साल्वातोरेस यांच्या ‘मेदितेरानेओ’ (१९९१) या येथे चित्रित झालेल्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले आणि पर्यटकांचा ओघ वाढला. तरीही पुनरुज्जीवनाचे श्रेय एकट्या पर्यटनाला देणे अन्यायाचे होईल. ऑस्ट्रेलियातील वंशजांनी वाडवडिलांची घरे पैसा ओतून पुन्हा उभी केली, हे त्याहून मोलाचे. बंदराला लागून लाकडी सज्जांची, कौलारू, रंगीत दुमजली घरे दाटीने उभी आहेत. मागच्या गल्ल्यांत मात्र छप्पर नसलेल्या भिंती अजून दिसतात. धक्क्यावरील खानावळींच्या टेबलांखालीच समुद्री कासवे मासळीच्या तुकड्यांसाठी घुटमळतात.

ऱ्होड्सहून विमान व बोटीची सोय आहे. ताज्या भाजीपाल्यासाठी बेटकरी आजही होडीने काशच्या शुक्रवारच्या बाजाराला जातात.