राष्ट्राध्यक्षीय पद्धतीचा प्रस्ताव आणि जबाबदारीची कसोटी

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथील मतदार लोकसभेसाठी आपला प्रतिनिधी निवडतो. देशाचा शासनप्रमुख तो प्रत्यक्ष निवडत नाही. ही व्यवस्था पालटून कार्यकारी सत्ता जनतेने थेट निवडलेल्या राष्ट्रपतीच्या हाती द्यावी, असा पक्ष १९८० नंतरच्या दशकात ज्यांनी आग्रहाने मांडला त्यांत वसंत साठे हे प्रमुख होत. १९८०, १९८४ आणि १९८९ या तिन्ही निवडणुकांत ते वर्धा मतदारसंघातूनच लोकसभेवर गेले होते. या प्रस्तावाचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ही कसोटी डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितली होती. लोकशाहीतील कार्यकारी मंडळ स्थिर असावे आणि जबाबदारही असावे. परंतु दोन्ही गुण सारख्याच प्रमाणात देणारी पद्धती अद्याप सापडलेली नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. संसदीय पद्धतीत शासनाच्या वर्तनाची तपासणी केवळ निवडणुकीच्या वेळी नव्हे, तर प्रश्न, ठराव व चर्चा यांच्या द्वारे दररोज होते. म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व दिले.

आणीबाणीच्या काळात या निवडीवर प्रथमच गंभीर आघात झाला. १९७५ साली फिरविण्यात आलेल्या एका निनावी टिपणात थेट निवडलेला राष्ट्रपती आणि त्याच्याच अध्यक्षतेखालील न्यायविषयक परिषद सुचविली होती. स्वर्णसिंग समितीने संसदीय पद्धतीच कायम ठेवण्याची शिफारस केली. तथापि त्यामुळे सत्तेचे केंद्रीकरण टळले नाही. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षांची केली, मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक केला आणि घटनादुरुस्तीच्या अधिकारावर कोणतीही मर्यादा नाही असे घोषित केले. पद्धतीचे नाव तेच राहिले, परंतु तिच्यातील तोल ढळला.

१९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षे केली, सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला आणि आणीबाणीच्या घोषणेसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरविला. अमर्याद दुरुस्तीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द ठरविला.

परंतु १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीने जोडलेल्या दहाव्या अनुसूचीकडे या चर्चेत पुरेसे लक्ष दिले जात नाही. पक्षादेशाविरुद्ध मतदान करणाऱ्या किंवा मतदानास गैरहजर राहणाऱ्या सदस्याची जागा तीमुळे धोक्यात येते. पक्षांतराचा बाजार थांबविणे हा तिचा हेतू योग्यच होता. पण दररोज तपासणी करावयाची ती ज्याने, त्या सदस्याचेच हात तिने बांधले.

राष्ट्राध्यक्षीय पक्षाचा सर्वांत बळकट युक्तिवाद येथेच उभा राहतो. शासनाचे अस्तित्व सभागृहाच्या मतावर अवलंबून नसेल, तर पक्षादेशाची कठोर सक्तीही अनावश्यक ठरेल. अमेरिकेत काँग्रेसचा सदस्य स्वपक्षीय अध्यक्षाविरुद्ध मत देऊनही आपली जागा गमावीत नाही. तेथील सत्ताविभाजनाचा हाच एक आधार आहे. मात्र असा बदल करताना अनुसूची तशीच राहिली, तर अविश्वास ठरावाने दूर न होणारा शासनप्रमुख आणि त्याच्या पक्षाच्या आदेशाखालील विधिमंडळ, अशी दोन्ही पद्धतींतील दोषांची बेरीज पदरी पडेल.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीची पद्धत बदलण्यास संसदेतील विशेष बहुमताबरोबर किमान निम्म्या राज्य विधानमंडळांची संमती लागते. शिवाय १९७३ च्या केशवानंद भारती निर्णयाची मर्यादा आहेच. तरीही मूळ प्रश्न कायदेशीर शक्यतेचा नव्हे. अशा कोणत्याही दुरुस्तीची परीक्षा ती शासनप्रमुखाला काय देते यावरून करू नये. बोरगाव मेघेच्या मतदाराने पाठविलेल्या प्रतिनिधीजवळ ती शासनाला अडविण्याचे कोणते सामर्थ्य शिल्लक ठेवते, यावरून करावी.